निवळलेलं पाणी आणि तयार झालेलं पाणी



आजचा पाठ: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६४ आणि ६५.

स्थितप्रज्ञाच्या लक्षणांतले हे दोन श्लोक. यांच्या आधीचे ६२ आणि ६३ आपल्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असतात. माणूस पायरी-पायरीने कसा घसरतो ते त्यांत आहे: विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग कामना, मग क्रोध, मग भान सुटणं आणि शेवटी बुद्धीचा नाश. स्टेटसवर, रील्सवर तेच दोन फिरतात. पण भगवंत अर्जुनाला घसरगुंडीच्या तळाशी सोडून देत नाहीत. पुढच्याच दोन श्लोकांत वर यायची वाट सांगतात. चौसष्टाव्यात म्हणतात, ज्याची इंद्रियं राग आणि द्वेष यांतून सुटून ताब्यात आली आहेत, तो विषयांमध्ये वावरत असतानाच 'प्रसाद' मिळवतो. पासष्टाव्यात म्हणतात, हा प्रसाद मिळाला की सगळ्या दुःखांचा शेवट होतो, आणि ज्याचं चित्त प्रसन्न झालं त्याची बुद्धी लवकरच स्थिर होते.

इथला प्रसाद म्हणजे शिरा किंवा पेढा नव्हे, हे वेगळं सांगायला नको. संस्कृतात या शब्दाचा एक जुना अर्थ आहे निवळणं. पाणी 'प्रसन्न' होतं म्हणजे त्याचा तळ दिसू लागतो. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतूचं वर्णन करताना हाच धातू वापरलाय. अगस्त्याचा तारा उगवला आणि पाणी निवळलं, असं तो म्हणतो. त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात तो सांगतो की पराभवाच्या भीतीने रघूच्या शत्रूंची मनं मात्र ढवळून निघाली. पाणी आणि मन एकाच श्लोकात, समोरासमोर.

आणि हा अगस्त्य आपल्याला परका नाही. रामायणात रामचंद्रांना पंचवटीची वाट दाखवणारे ते हेच अगस्त्य ऋषी. नाशिककराला पाणी निवळणं म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. आषाढ-श्रावणात धरणातून पाणी सोडलं की गोदावरी लाल होते, आणि दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशा भाषेत आपण पूर मोजतो. पाऊस सरला की गाळ खाली बसतो. मराठीत तर हा शब्द कुठे कुठे पोचलाय बघा. आभाळ निवळतं, भांडण निवळतं, ताप उतरल्यावर चेहरा निवळतो. चुन्याच्या वर साचलेलं नितळ पाणी ती चुन्याची निवळी. आणि पूर्वी जे बी उगाळून मातीच्या घागरीतलं पाणी स्वच्छ करायचे, त्या बीचं नावच निवळी.

मग प्रश्न एवढाच उरतो: मन निवळायचं कसं?

यावर आपल्याकडे एक उत्तर तयार असतं, आणि ते बहुधा बुद्धांच्या गोष्टीतून येतं. महापरिनिब्बान सुत्तात तो प्रसंग आहे. बुद्धांचा शेवटचा प्रवास चाललाय, तहान लागलीये. आनंद सांगतो की आत्ताच पाचशे गाड्या ओढा ओलांडून गेल्या, पाणी गढूळ आहे. बुद्ध पुन्हा सांगतात, तो पुन्हा तेच म्हणतो. तिसऱ्यांदा सांगितल्यावर जातो, तर पाणी निवळलेलं. फॉरवर्ड होत होत या गोष्टीचं तात्पर्य एवढंच उरलं की 'थांबा, आपोआप निवळेल.'

हे खरंच आहे, पण गाड्यांनी उडवलेल्या मातीपुरतं. सगळा गढूळपणा मातीचा नसतो. हा फरक माझ्या मामांच्या घरी, एका काचेच्या टाकीसमोर, मला नीट कळला. म्हणून आज ती गोष्ट सांगतो.

नाशिकमध्ये समुद्र

माझे मामा मूळचे हर्णैचे. ऐन तारुण्यात नोकरीसाठी नाशिकला आले आणि इथलेच झाले. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. त्यांच्या पलंगावरून खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचं पार्किंग दिसतं, बाकी काही नाही. माझा धाकटा मामेभाऊ सत्तावीस वर्षांचा. त्याच्या मनात आलं की बाबांना हर्णैला नेता येत नाही, तर समुद्र इथे आणू. पलंगासमोरच्या भिंतीला दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यात दोन केशरी-पांढरे क्लाउनफिश. मला मदतीला बोलावलं, कारण घरात इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. तो सॉफ्टवेअरचा आहे हे मामींच्या लेखी गौण.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. इथे समुद्र बनवावाच लागतो. आरओ आणि त्यापुढच्या डीआय फिल्टरमधून काढलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी घ्यायचं. त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठ घालायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरला सात किलोच्या आसपास. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्र म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड नव्हे. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट, सगळं आपापल्या प्रमाणात असतं. हे मिश्रण वेगळ्या पिंपात पंप लावून दिवसभर फिरवायचं. मग टाकीत पांढरी अरागोनाइट वाळू, सच्छिद्र कोरडे खडक, आणि वरून हा समुद्र.

पाणी ओतलं आणि टाकीचं ताक झालं. मामांनी मान वळवून बघितलं आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "अरे, हर्णैचा समुद्र... कधी पांढरा... बघितलास?"

पहिला गढूळपणा: धूळ

हा पहिल्या दिवसाचा. वाळू कितीही धुतली तरी तिची पीठासारखी धूळ पाण्यात उठते. याला घाबरायचं कारण नाही. हात घालायचा नाही, वाळू चाळवायची नाही, आणि फिल्टरमध्ये कापूस लावून ठेवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पलीकडची भिंत दिसायला लागली.

आपल्या मनातली ही धूळ म्हणजे दिवसभराची ये-जा. स्टँडअप मीटिंग, द्वारका चौकातला ट्रॅफिक, फॅमिली ग्रुपवरचे एकशे चाळीस मेसेज. यात पाप काही नाही, फक्त गाड्या गेल्यात. संध्याकाळी दहा मिनिटं डोळे मिटून बसा, नामस्मरण करा, धूळ खाली बसते. आनंदाचा ओढा तो हाच. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. नुसती खाली बसलेली धूळ गेलेली नसते, पंप जोरात लावला की पुन्हा उठते. ती कापसात अडकते आणि कापूस आपण काढून धुतो, तेव्हा जाते. म्हणून जुनी माणसं निजण्याआधी दिवस आठवायला सांगायची. काय झालं, कोणाला काय बोललो, ते बघायचं आणि देवापुढे ठेवून मोकळं व्हायचं. तेच आपलं कापूस धुणं.

दुसरा गढूळपणा: घाईचं औषध

पाचव्या दिवशी मामेभावाने टेस्ट किटने पाण्याची क्षारता मोजली. थोडी कमी भरली. वाढवायची पावडर त्याच्याकडे होती. त्याने एक झाकण भरून थेट टाकीत ओतली, आणि क्षणात टाकीत हिमवर्षाव सुरू झाला. पुन्हा मोजलं तर आकडा आणखी खाली.

झालं असं की पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट एकाच जागी, एकाच वेळी, गरजेपेक्षा जास्त एकत्र आलं आणि दोघांची मिळून खडूसारखी पूड होऊन खाली पडली. यात घाण कुठेच नव्हती बरं का. दोन्ही गोष्टी चांगल्या, समुद्राला हव्याच असलेल्या. पण एकदम ओतल्या म्हणून दोन्ही वाया गेल्या आणि पाणीही गढुळलं.

हे वाचणाऱ्या मित्र-मैत्रिणींनो, हा गढूळपणा खास आपल्या वयाचा आहे. एखादं शिबिर करून येतो, डोक्यात प्रकाश पडलेला असतो. सोमवारपासून पहाटे चारला उठणं, सोळा माळा, निर्जळ एकादशी, मोबाइल बंद, पारायण, सगळं एकदम. गुरुवारी आईने साधं "चहा घेतोस का?" विचारलं तरी अंगावर धावून जातो. मग वाटतं, आपल्याला साधना मानवत नाही. साधनेचा दोष नसतो, ती झाकण भरून ओतलेली असते. गीतेतच सहाव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात भगवंतांनी आहार, विहार, कर्म, झोप आणि जागणं या सगळ्यांना एकच शब्द लावलाय: 'युक्त'. बेताचं, जुळेल इतकं. ती पावडर मामेभावाने नंतरही घातलीच, पण दिवसाला चिमूटभर, आधी ग्लासभर पाण्यात विरघळवून.

तिसरा गढूळपणा: दुधाळ

आठव्या दिवशी पाणी पुन्हा बिघडलं, आणि या वेळी धूळ नव्हती, पूडही नव्हती. फिक्या दुधासारखं, धुकं पडल्यासारखं पाणी. कितीही थांबा, खाली काहीच बसेना. कापूस धुतला, फरक नाही. मामेभाऊ वैतागला. म्हणाला, "सगळं पाणी ओतून देतो आणि नव्याने भरतो."

हा ढग जिवंत असतो. पाण्यात कुजण्यासारखं काही असलं की त्यावर जगणारे जिवाणू भराभर वाढतात, इतके की डोळ्यांना धुकं दिसतं. टाकी सुरू करताना मामेभावाने जुन्या पद्धतीप्रमाणे कच्च्या कोळंबीचा तुकडा खडकामागे ठेवला होता. टाकीतलं चक्र सुरू व्हायला काहीतरी कुजावं लागतं, म्हणून तसं करतात. तुकडा जरा मोठाच होता. पाणी बदललं असतं तरी कोळंबी तिथेच होती, दोन दिवसांत धुकं परत आलं असतं.

मनाचंही असंच होतं. कधी कधी ध्यानाला बसलं की बरं वाटण्याऐवजी जास्तच अस्वस्थ वाटतं. आपण आसन बदलतो, मंत्र बदलतो, गुरू बदलतो. पाणी बदलत राहतो. पण खडकामागे काय कुजतंय ते बघत नाही. कुठला तरी अपमान, कुठली तरी न मागितलेली माफी, कोणाच्या तरी जाण्याचं न रडलेलं रडू. या गढूळपणात नुसतं थांबून भागत नाही. त्याला जे खायला मिळतंय ते शोधून बाहेर काढावं लागतं.

आणि आणखी एक. हे जिवाणू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात, म्हणून या दिवसांत पाण्याला हवा जास्त द्यायची. आम्ही हवेचा दगड लावला, लाइट गेले तर म्हणून बॅटरीवरचा पंपही आणून ठेवला. मन दुधाळलेलं असेल तेव्हा एकटं कोंडून बसू नका. सत्संग म्हणजे तरी काय, श्वास घ्यायला हवा. एखाद्या मित्राशी बोला. आणि धुकं आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-भूक उडाली असेल, तर चांगल्या डॉक्टरांकडे जा. भक्ताने मनाच्या डॉक्टरकडे जाऊ नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही.

उरलेला तुकडा काढला. माशांचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे खाणं घालणं नव्हतं. चौदाव्या दिवशी सकाळी टाकी काचेसारखी स्वच्छ.

निर्मल आणि निर्विष

आता खरी गोष्ट सुरू होते.

त्या दिवशी मामेभाऊ संध्याकाळी मासे आणायला निघाला होता. त्याची घाई मी समजू शकत होतो. मामांची तब्येत वर-खाली होत होती, दोनदा हॉस्पिटलची वारी झालेली. "दादा, बाबांना दाखवायचेत रे," एवढंच म्हणाला. यावर काय बोलणार? पण निघण्याआधी आम्ही अमोनियाची टेस्ट केली. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. ते हिरवं झालं. चांगलंच हिरवं.

अमोनिया पाण्यात दिसत नाही. आणि खाऱ्या टाकीचा पीएच ८ च्या वर असतो, तिथे अमोनियाचा विषारी भाग साध्या गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा कितीतरी पट जास्त. त्या नितळ, सुंदर पाण्यात सोडलेले मासे मामांच्या डोळ्यांसमोर तडफडले असते.

वाग्भटाने अष्टांगहृदयात ऋतुचर्या सांगताना शरदातल्या पाण्याला हंसोदक म्हटलंय. दिवसा सूर्याने तापलेलं, रात्री चंद्राने निवलेलं, आणि अगस्त्याच्या उदयाने शुद्ध झालेलं. तिथे तो दोन वेगवेगळी विशेषणं वापरतो: निर्मल आणि निर्विष. मळ नसलेलं आणि विष नसलेलं. मी हे पूर्वी वाचलं होतं तेव्हा वाटलं, एकाच अर्थाचे दोन शब्द. ती हिरवी नळी हातात धरल्यावर कळलं की वैद्याने दोन शब्द का खर्च केले. निवळलेलं पाणी एक, तयार झालेलं पाणी दुसरं. आमच्या धंद्यात सांगायचं तर बिल्ड पास झाला म्हणून कोणी थेट प्रॉडक्शनवर टाकत नाही.

योगायोग असा की ते गणपतीचे दिवस होते आणि त्याच आठवड्यात घरातही हेच घडलं. मामांच्या आजारपणात दोघा भावांमध्ये चांगलंच वाजलं होतं. थोरला पुण्याला असतो. खर्च कोणी किती केला, रात्री कोण जागलं, कोण फक्त फोन करत राहिलं. महिनाभर बोलणं बंद होतं. गणपतीला थोरला आला, आरतीला दोघं शेजारी उभे राहिले, मोदकांवरून थट्टामस्करी झाली. मामी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "निवळलं रे बाबा एकदाचं." दुसऱ्या दिवशी जेवताना थोरला सहज म्हणाला, "बाबांना थोडे दिवस पुण्याला नेऊ या का?" आणि धाकटा ताटावरून उठला. "आता आठवले का बाबा?"

पाणी नितळ होतं. विष तसंच होतं.

मंडळी, आपण इथेच फसतो. एक छान कीर्तन ऐकलं, एक वारी केली, एका रात्री भरभरून रडलो, मन स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. आणि त्या नितळपणाच्या भरवशावर आपण मोठे निर्णय टाकतो, तुटलेली नाती एका फोनवर पूर्ववत होतील असं धरतो. श्लोकांचा क्रम बघा. आधी राग-द्वेषांतून सुटलेली इंद्रियं, मग प्रसाद, मग बुद्धी स्थिर होणं. राग म्हणजे 'हे मलाच हवं', द्वेष म्हणजे 'हे मला नकोच'. ही जोडी आपल्या मनातला अमोनिया आहे. ती रंग दाखवत नाही. कोणीतरी जवळ येतं तेव्हाच कळतं.

खडकातलं काम

मग हे विष जातं कसं? पाणी ओतून नाही. टाकीत दुसऱ्या जातीचे जिवाणू हळूहळू वस्तीला येतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचं नायट्रेट, जे माशांना बरंच सुसह्य असतं. हे पाण्यात फारसे तरंगत नाहीत, खडकाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर घर करतात. त्यांची वाढ संथ. चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीकडे बघून काहीच घडत नाहीये असं वाटतं. आणि विशेष हे की अमोनिया हेच त्यांचं अन्न. विष अजिबात नसतं तर ही वस्ती उभीच राहिली नसती.

पतंजलींनी योगसूत्राच्या पहिल्या पादातल्या तेहतिसाव्या सूत्रात हीच वस्ती सांगितलीये. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्य करणाऱ्याबद्दल आनंद, आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा, म्हणजे मनाला चिकटवून न घेणं. यांच्या भावनेने काय होतं? चित्ताचं 'प्रसादन'. परत तोच शब्द. एकांतात बसून होणारं हे काम नव्हे, चारही गोष्टींना समोर माणूस लागतो. आणि त्या 'भावना' आहेत, म्हणजे पुन्हा पुन्हा करायच्या. निवळीच्या बीचा दृष्टान्त आदि शंकराचार्यांनी आत्मबोधाच्या पाचव्या श्लोकात दिलाय, तिथेही ज्ञानासोबत 'अभ्यास' हा शब्द जोडलेला आहे. ज्ञानाच्या अभ्यासाने जीव निर्मळ होतो, आणि निवळीची पूड पाण्याबरोबर गाळ घेऊन स्वतःही नाहीशी होते, तसं ते ज्ञानही शेवटी विरून जातं. स्मृतिवाङ्मयात तर स्पष्टच बजावलंय की निवळीचं नुसतं नाव घेऊन पाणी निवळत नाही. बी उगाळावं लागतं.

मामांच्या घरी ते उगाळणं फार साध्या गोष्टीने सुरू झालं. धाकट्याने रोज रात्री नऊ वाजता थोरल्याला दोन ओळींचा मेसेज पाठवायला सुरुवात केली. बीपी किती, बाबांनी काय खाल्लं. टोमणा नाही, हिशेब नाही. थोरल्याने एक शनिवार आड येऊन रात्रीची पाळी घ्यायला सुरुवात केली. कोणी माफी मागितली नाही, कोणी भाषण केलं नाही. तिसऱ्या आठवड्यात टाकीतल्या वाळूवर तांबूस थर चढला. नव्या टाकीत तो येतोच. मामेभाऊ पुसायला गेला तर मामा म्हणाले, "असू दे... जीव धरतंय." हर्णैचा माणूस. त्याला टेस्ट किट लागलं नाही.

आणि मामांचं काय, त्यांना थांबायला वेळ कुठे होता, असं तुम्ही विचाराल. मलाही ती काळजी होती. पण ते थांबले नव्हतेच. मासे नसलेली ती टाकी ते रोज बघत होते. पंपाने उठणाऱ्या लाटा, काचेवरचे बुडबुडे, प्रकाशाचं भिंतीवर हलणारं जाळं. आम्हाला जी तयारी वाटत होती तो त्यांचा समुद्र चालू झालेला होता.

अडतिसाव्या दिवशी नळी पिवळी राहिली. नायट्राइटही शून्य. चाळिसाव्या दिवशी दोन क्लाउनफिश आले. शनिवार होता, दोघे भाऊ टाकीसमोर होते. मासे आल्यावर रोज खाणं पडायला लागलं, रोज नवा अमोनिया तयार व्हायला लागला, आणि तरी नळी पिवळीच. पाण्यात विष येणं थांबलं नव्हतं. आता ते पचवणारं कोणीतरी आत राहायला आलं होतं. दोघा भावांचा पैशांचा हिशेब, खरं सांगायचं तर, अजून मिटलेला नाही. पण तो विषय निघाला तर आता ताटावरून कोणी उठत नाही.

विषयांमध्ये वावरत असताना

इथे चौसष्टाव्या श्लोकाकडे परत या. भगवंत म्हणतात, 'विषयांमध्ये वावरत असताना' प्रसाद मिळतो. रिकामी टाकी स्वच्छ ठेवणं काहीच कठीण नाही. हिमालयात, मोबाइल बंद करून, कोणी बोलणारं नसताना माझंही मन स्वच्छ राहील. गीता ज्याला प्रसाद म्हणते ते माशांसकट निवळ असलेलं पाणी आहे. नोकरी, ईएमआय, आजारी वडील, न पटणारा भाऊ, हे सगळं आत असताना.

आणि मला यातून एवढंच उमगलंय की आपण मन निवळतो ते बघून खूश होण्यासाठी नाही. त्यात कोणाला तरी राहता यावं, श्वास घेता यावा म्हणून. माझ्या मनात माझी बायको, माझे आई-वडील, टीममधला नवा मुलगा सुखाने राहू शकतो का? त्यांना तिथे जळजळ होते का? माझी साधना किती झाली याची टेस्ट तीच.

माउलींनी ज्ञानेश्वरीत या जागी फार गोड उपमा दिल्यात. ज्याच्या पोटातच अमृताचा झरा फुटलाय त्याला भूक-तहान कशी सतावेल, आणि वारा नसलेल्या जागी दिवा कसा न हलता जळतो, तशी प्रसन्न चित्ताची बुद्धी. त्या माउलींचे गुरू निवृत्तिनाथ इथे त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ आहेत, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर. कधी गेलात तर हे दोन श्लोक तिथे बसून वाचा.

एक शेवटचं. अमोनिया गेला तरी नायट्रेट साचत राहतं. म्हणून दर आठवड्याला थोडं पाणी काढून तेवढंच ताजं घालायचं, कायम. 'आता टाकी झाली' असा दिवस येत नाही. नित्यकर्माला नित्य का म्हणतात, ते यापेक्षा सोप्या भाषेत मला सांगता येणार नाही.

आजचा संकल्प

असं एक नातं आठवा ज्याबद्दल तुम्ही 'आता निवळलंय' म्हणता. त्या माणसाचं नाव मनात घ्या आणि छातीत काय होतं ते प्रामाणिकपणे बघा. नळी हिरवी झाली तर घाबरू नका, आणि आज लगेच मोठा फोनही लावू नका. त्या माणसासाठी एक अगदी छोटी गोष्ट ठरवा, रोज, ठरलेल्या वेळी, चाळीस दिवस, कोणाला न सांगता. दोन ओळींचा मेसेज चालेल. मेसेज शक्य नसेल तर त्याच्या नावाने एक माळ चालेल.

हे पांडुरंगा, आमच्या मनाला स्वच्छ दिसण्याची हौस फार आहे. तू त्याला राहण्याजोगं कर. जे विष आम्हाला दिसत नाही ते तुला दिसतंय. ते पचवणारं काहीतरी आमच्या आत वस्तीला पाठव, आणि ते येईपर्यंत थांबायचं बळ दे.

उद्या श्लोक ६६: ज्याचं चित्त जुळलेलं नाही त्याला शांती नाही, आणि शांती नाही त्याला सुख कुठून, हा भगवंतांचा प्रश्न.

रामकृष्णहरी!